झपाटलेले विमान आणि इन्नंबूरचा हिशेब

कुंभकोणमच्या परिसरात देवळांना तोटा नाही. दर मैला-अर्ध्या मैलावर एक गोपुर उभे आहे, आणि प्रत्येक गोपुरामागे एक स्थलपुराण आहे. त्यामुळे इन्नंबूरसारख्या लहान गावाकडे प्रवाशाचे लक्ष सहसा जात नाही. कुंभकोणमला येणारा यात्रेकरू सारंगपाणी, कुंभेश्वर आणि महामहम तीर्थ पाहतो, वेळ उरलाच तर स्वामीमलै आणि दारासुरम करतो, आणि परतीची गाडी धरतो. आम्हीही प्रथम तसेच केले. पुढे दुसऱ्या खेपेला एका तमिळ स्नेह्याने आग्रह केला, तेव्हा भातशेतीतून जाणाऱ्या रस्त्याने आम्ही इन्नंबूरला गेलो.

तेथील शिवाचे नाव एळुत्तरिनाथर. तमिळ भाषेत 'एळुत्तु' म्हणजे अक्षर. तेव्हा अक्षरे जाणणारा तो हा देव. संस्कृतात त्याला अक्षरपुरीश्वर म्हणतात. अप्पर आणि संबंदर या संतकवींनी या स्थानाची स्तुती गाइली असल्यामुळे तमिळ शैवांत त्याला मोठा मान आहे, आणि शाळेत घालण्यापूर्वी मुलांना या देवाच्या पायांवर घालण्याची चाल आजही आहे. स्थलपुराण असे सांगते की, या देवळाचे हिशेब ठेवणाऱ्या एका सेवकावर चोळ राजाचा संशय आला. जमाखर्च तत्काळ हजर करावा असा हुकूम झाला. सेवक प्रामाणिक होता, पण हुकमाने भेदरून गेला. तेव्हा साक्षात शंकराने त्याचे रूप घेऊन राजापुढे जाऊन सर्व हिशेब चोख मांडला. खरा सेवक धापा टाकीत दरबारात पोचला, तो राजा म्हणाला, "आताच तर तुम्ही सर्व दाखवून गेलात!"

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे आयुष्य जमाखर्चाच्या वह्या, तपासणीचे शेरे आणि बदलीचे हुकूम यांतच गेले आहे. त्यांना या कथेतील सेवकाची अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. लेखापरीक्षकापुढे आपल्या वतीने परमेश्वर उभा राहिला, तर कोणाला नको आहे?

परंतु आज आम्हाला इन्नंबूरची आठवण झाली ती एका वेगळ्याच कारणाने. या देवळाच्या गाभाऱ्यावरील शिखर गजपृष्ठाकार आहे. म्हणजे बसलेल्या हत्तीच्या पाठीसारखे मागे गोलावत गेलेले. आणि अशा शिखराला तमिळ प्रदेशात शब्द आहे 'विमान'. आपण मराठी माणसे विमान म्हटले की आकाशाकडे पाहतो. तुकोबांचे वैकुंठगमन किंवा रामाचे पुष्पक आपल्याला आठवते. येथे मात्र विमान म्हणजे देवाच्या डोक्यावरील दगडी वा विटांची वास्तू. हे दोन अर्थ एकमेकांपासून दूर नाहीत. देवळाची वास्तू ही देवाचे वाहन आहे, ती स्थिर दिसली तरी प्रवासात आहे, ही कल्पना या प्रदेशाच्या रोमरोमांत भिनलेली आहे. जवळच दारासुरम येथे बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधलेले ऐरावतेश्वराचे देऊळ आहे. त्याच्या मंडपाला दगडी चाके आहेत आणि ते ओढणारे घोडेही आहेत. मंडप म्हणजे रथ, शिखर म्हणजे विमान, आणि आत बसलेला देव म्हणजे प्रवासी.

आता प्रश्न असा की, अशा विमानात देवाऐवजी दुसरेच काही येऊन बसले तर?

हा प्रश्न १९९७ साली निघालेल्या एका इंग्रजी चित्रपटाने विचारला, आणि त्या वेळी त्याचे उत्तर ऐकावयास फारसे कोणी थांबले नाही. चित्रपटाचे नाव 'इव्हेंट होरायझन', म्हणजे घटना-क्षितिज. दिग्दर्शक पॉल अँडरसन, पटकथाकार फिलिप आइस्नर. प्रमुख भूमिकांत सॅम नील आणि लॉरेन्स फिशबर्न. अंतराळयानात घडणाऱ्या या भयपटातील यानाची रचना करताना कलाकारांनी पॅरिसच्या नोत्र दाम या प्रसिद्ध प्रार्थनामंदिराचा आधार घेतला. त्या मंदिराचे खांब, कमानी आणि मनोरे यांची मोडतोड करून त्यांतूनच यानाचा लांबलचक सांगाडा जुळविला. म्हणजे चोळ शिल्पकाराने देवळाला वाहन केले, तर या मंडळींनी वाहनाला देऊळ केले. फरक इतकाच की, या देवळाच्या गाभाऱ्यात देव नव्हता. तेथे एक यंत्र होते, आणि त्या यंत्राच्या पोटात एक कृष्णविवर.

कथा थोडक्यात सांगतो. 'इव्हेंट होरायझन' नावाचे यान २०४० साली सूर्यमालेच्या कडेवरून नाहीसे होते. सात वर्षांनी, २०४७ साली, ते नेपच्यून ग्रहाभोवती आपोआप प्रकट होते. आत एकही माणूस जिवंत नाही. ते यान ज्याने रचले तो डॉक्टर वीअर आणि कप्तान मिलरच्या हाताखालची एक बचाव तुकडी तेथे जाऊन पोचते. या यानात अवकाशाची घडी घालण्याचे सामर्थ्य होते. कागदाच्या दोन टोकांवर दोन टिंबे काढावी, कागद दुमडावा आणि दोन्ही टिंबांतून टाचणी आरपार घालावी, त्याप्रमाणे दूरचे अंतर एका क्षणात ओलांडण्याची ही युक्ती. पण त्या टाचणीच्या भोकातून यान नेमके कोठे जाऊन आले, याचा विचार कोणी केला नव्हता. ते जेथे गेले तेथून ते एकटे परत आले नाही.

येथे इन्नंबूरच्या देवाला रस वाटावा असा एक प्रसंग आहे. नाहीशा झालेल्या यानाकडून एक ध्वनिमुद्रित संदेश मिळालेला असतो. त्यातील किंकाळ्यांत काही लॅटिन शब्द ऐकू येतात. तुकडीतील वैद्याला लॅटिन येते. तो प्रथम त्याचा अर्थ 'मला वाचवा' असा लावतो, आणि त्या अर्थावर भिस्त ठेवून मंडळी यानात शिरतात. पुढे तोच वैद्य पुन्हा कान देऊन ऐकतो, आणि त्याच्या ध्यानात येते की एक-दोन अक्षरे आपण चुकीची ऐकली. तो आवाज मदत मागत नव्हता. 'नरकापासून स्वतःला वाचवा' असे बजावीत होता. अक्षर ओळखण्यातील एवढीशी चूक, पण तिची किंमत बहुतेकांना प्राणांनी द्यावी लागते.

यानात भूत म्हणावे असे कोणी नाही, आणि हीच या चित्रपटाची सर्वांत मोलाची गोष्ट होय. पांढऱ्या वस्त्रातील बाई नाही की रक्त पिणारा राक्षस नाही. यान प्रत्येकाच्या मनात डोकावते आणि त्याचाच जुना हिशेब त्याच्यापुढे ठेवते. कप्तान मिलरला एका जळत्या जहाजावर आपला एक तरुण सहकारी मागे सोडून यावे लागले होते. ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितलेली नाही. यान मात्र ती जाणते, आणि तो जळणारा तरुण त्याच्यापुढे येऊन उभा राहतो. तुकडीतील एका स्त्रीला दूर घरी ठेवलेला आपला आजारी मुलगा यानाच्या अंधाऱ्या वाटांतून पळताना दिसतो, आणि त्याच्यामागे जाता जाता ती खोल पडून मरते. वीअरच्या पत्नीने आत्महत्या केलेली असते. संशोधनाच्या नादात त्याने तिच्याकडे दुर्लक्ष केले, ही त्याची बोच. ती त्याला साद घालते, आणि तो यानाचा होऊन जातो.

आमच्या वाचकांना आम्ही विचारतो: घरापासून शेकडो कोस दूर नेमणुकीवर असताना, रात्री रिकाम्या बंगल्यात, ज्यांना आपण मागे ठेवले त्यांची आठवण कोणत्या रूपाने येते? आजारी मुलाला सोडून कामावर रुजू झालेली ती बाई आपल्याला परकी वाटते काय? बदलीच्या हुकमामुळे आईच्या शेवटच्या दुखण्यात पोचू न शकलेले अधिकारी आम्ही पाहिले आहेत. त्यांच्याजवळ तो विषय कोणी काढीत नाही. अशा माणसाच्या डोक्यात काय चालते, हे दाखविण्यासाठी नेपच्यूनपर्यंत जाण्याची आवश्यकता नव्हती हे खरे. पण तेथे गेल्यामुळे ते अधिक स्पष्ट दिसले, हेही तितकेच खरे.

या कल्पनेची वंशावळ जुनी आहे. १८७२ च्या डिसेंबरात 'मेरी सेलेस्ट' हे जहाज अटलांटिक महासागरात भरकटताना सापडले. माल जागच्या जागी होता, माणसे मात्र नाहीशी झाली होती. तेव्हापासून निर्मनुष्य जहाज ही पाश्चात्त्य भयकथेची आवडती भूमी झाली. पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम याने १९६१ साली 'सोलारिस' ही कादंबरी लिहिली, आणि १९७२ साली आंद्रेई तारकोव्हस्कीने तीवर चित्रपट काढला. त्यात एका परग्रहावरील समुद्र माणसाच्या स्मृतीतून मेलेल्या माणसांना साकार करतो, आणि नायकाची मृत पत्नी त्याच्या अंतराळस्थानकात येऊन राहते. १९७९ साली एकाच वर्षात दोन चित्रपट आले: रिडली स्कॉटचा 'एलियन', ज्यात यानाचा जुना वाडा झाला, आणि डिस्ने संस्थेचा 'द ब्लॅक होल', ज्यात कृष्णविवराच्या काठावर एक हरवलेले यान उभे असते आणि त्याच्या अधिपतीने आपल्या माणसांना यंत्रवत् करून टाकलेले असते. 'इव्हेंट होरायझन' हे या सर्वांचे अपत्य. तारकोव्हस्कीकडून त्याने स्मृतीचा छळ घेतला, स्कॉटकडून अंधार, आणि डिस्नेकडून कृष्णविवर. ते उसने घेतल्याबद्दल टीकाकारांनी त्याला दोष दिला. पण उसने घेतलेल्या धान्याचीही भाकरी चांगली होऊ शकते, हे त्यांनी लक्षात घेतले नाही.

आता या चित्रपटाची उपेक्षा का झाली तेही पाहू. त्याच्या निर्मितीसंस्थेने, म्हणजे पॅरामाउंटने, त्या वर्षीच्या उन्हाळ्यासाठी 'टायटॅनिक' या प्रचंड बोलपटावर भरवसा ठेवला होता. 'टायटॅनिक' वेळेवर पुरा होईना. तो डिसेंबरपर्यंत लांबला. मधली जागा भरून काढण्यासाठी 'इव्हेंट होरायझन' घाईने पुरा करावयास लावला, आणि संकलनाचा अवधी फार आटला. पहिली प्रत सुमारे दोन तास दहा मिनिटांची होती. चाचणीच्या प्रयोगात प्रेक्षक तिच्यातील रक्तपाताने हादरले, आणि कापाकापी होऊन चित्रपट ९६ मिनिटांवर आला. १५ ऑगस्ट १९९७ रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने त्या देशात २ कोटी ६७ लाखांच्या आसपासच उत्पन्न मिळविले. बुडत्या जहाजाच्या चित्रपटासाठी झपाटलेल्या जहाजाच्या चित्रपटाचा बळी गेला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे घरोघरी फिती आणि तबकड्या पोचल्या, आणि त्यांतून हा चित्रपट हळूहळू वर आला. लोकांनी तो रात्री, एकट्याने, लहान पडद्यावर पाहिला. आणि मोठ्या पडद्यावर जे जाणवले नव्हते ते तेथे जाणवले. तेव्हा मागणी झाली की कापलेले भाग जोडून पूर्ण प्रत काढावी. पण वेळ गेली होती. कापलेल्या फिती धड जपल्याच नव्हत्या. ट्रान्सिल्व्हेनियातील एका मिठाच्या खाणीत काही भाग सापडला, तोही खराब झालेला, असे दिग्दर्शकाने पुढे सांगितले. ड्रॅक्युलाच्या मुलुखात, मिठात पुरलेली भयपटाची फीत! कथाकाराने ही गोष्ट रचली असती तर आम्ही तिला कृत्रिम म्हटले असते.

चित्रपटात दोष नाहीत असे आमचे म्हणणे नाही. शेवटच्या अर्ध्या तासात तो स्वतःवरील विश्वास गमावतो. जे सूचित करून भागले असते ते रक्ताने माखून दाखवितो, आणि वीअरला सरळसरळ सैतान करून सोडतो. पूर्वार्धात जे भय माणसाच्या आतून उगवत होते, ते उत्तरार्धात बाहेरून अंगावर धावून येते. ही त्याची खरी हार. पण हार मानूनही पूर्वार्ध उरतोच.

चित्रपटाचे नाव तर आमच्या या कुंभकोणमशी एका अनपेक्षित वाटेने येऊन मिळते. कृष्णविवराभोवती अशी एक सीमा असते की, तिच्या आतून प्रकाशदेखील बाहेर येत नाही. मग तेथे घडलेल्या घटनेची वार्ता बाहेर कशी येणार? या सीमेला 'घटना-क्षितिज' हे नाव १९५६ साली वोल्फगांग रिंडलर या शास्त्रज्ञाने दिले. पण त्यामागील विचाराचा एक धागा १९३० सालच्या एका जहाजात कातला गेला. एकोणीस वर्षांचा तमिळ तरुण सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर मुंबईहून इंग्लंडला निघाला होता. समुद्रप्रवासात गणित करता करता त्याला दिसले की, मरणाऱ्या ताऱ्याला एका मर्यादेपलीकडे शांत मृत्यू नाही; तो कोसळतच जाणार. ही मर्यादा आज त्याच्याच नावाने ओळखली जाते, आणि १९८३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा धागा याच कुंभकोणमचा. श्रीनिवास रामानुजन येथेच लहानाचे मोठे झाले, येथील टाउन हायस्कुलात शिकले. १९२० साली, मृत्यूच्या काही महिने आधी, त्यांनी हार्डींना लिहिलेल्या पत्रात काही विलक्षण फलने मांडली. जवळजवळ शतकानंतर, २०१२ साली, अतीश दाभोलकर, समीर मूर्ती आणि डॉन झागिए यांनी कृष्णविवरांच्या पुंजभौतिकीत याच कुळातील गणित कामी आणले. मृत्युशय्येवरच्या गणितज्ञाने लिहिलेली अक्षरे कृष्णविवराच्या हिशेबाला उपयोगी पडली. अक्षरे जाणणाऱ्या देवाच्या शेजारी हे घडावे, यात आम्हाला विशेष वाटते.

मराठी वाचकाला तर कृष्णविवर परके नाहीच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. त्या नावाची आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर सापडतात. मान्यवर शास्त्रज्ञाने नाव लपवून स्पर्धेत उतरावे, यातच त्या वेळी विज्ञानकथेचे आपल्याकडे काय स्थान होते ते दिसते. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. पण त्यांनी उघडलेले दार उघडे राहिले.

चित्रपटांत मात्र आपल्याकडे हे दार फार काळ किलकिलेच होते. १९६३ साली तमिळमध्ये 'कलै अरसी' हा बोलपट आला. त्याचा नायक एम्. जी. रामचंद्रन, जे पुढे तमिळनाडूचे मुख्यमंत्री झाले. त्यांचे बालपण याच कुंभकोणमात गेले. वडिलांच्या मृत्यूनंतर आईने मुलांना घेऊन येथेच बिऱ्हाड केले होते. 'कलै अरसी'मध्ये परग्रहावरील लोक यानातून पृथ्वीवर येतात आणि भानुमतीने रंगविलेल्या गायिकेला पळवून नेतात. कशासाठी? तर त्यांच्या ग्रहावर विज्ञान आहे पण संगीत नाही, म्हणून! ज्या प्रदेशाने कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींना जन्म दिला, त्या प्रदेशाला परग्रहवासीयांच्या मनात हीच इच्छा असावी असे वाटणे साहजिकच होय. त्या यानात भय नाही. प्रेक्षकाने हसावे आणि गाणी ऐकावी, एवढीच त्याची अपेक्षा.

मृतांनी भरलेले यान आपल्याकडे यावयास २०१९ साल उजाडले. नागपूरच्या आरती कडव यांनी लिहून दिग्दर्शित केलेला 'कार्गो' हा हिंदी चित्रपट त्या वर्षी मुंबईच्या चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. पुढच्या वर्षी तो अमेरिकेतील ऑस्टिन येथील महोत्सवासाठी निवडला गेला, पण साथीमुळे तो महोत्सवच रद्द झाला. चित्रपटगृहांना टाळी होती. अखेर सप्टेंबर २०२० मध्ये 'कार्गो' थेट घरच्या पडद्यावर आला. काहींनी तो पाहिला, काहींनी वाखाणला, आणि बहुतेकांना तो आला-गेल्याचे कळलेही नाही. 'इव्हेंट होरायझन'ला एका मोठ्या जहाजाने मागे सारले, 'कार्गो'ला एका साथीने. दोघांचे दैव एकाच पेठेतले.

पण दोन यानांत केवढे अंतर! 'कार्गो'मधील यानाचे नाव 'पुष्पक ६३४-ए'. त्यावर प्रहस्त नावाचा एक राक्षस नोकरीला आहे. रामायणात हे रावणाच्या सेनापतीचे नाव. राक्षस आणि मानव यांच्यात आता तह झालेला आहे, आणि राक्षसांकडे मेलेल्या माणसांना पुढच्या जन्मासाठी मार्गी लावण्याचे खाते आलेले आहे. रोज पृथ्वीवरून मृत येतात. त्यांना खात्याच्या भाषेत 'कार्गो', म्हणजे माल, म्हणतात. त्यांच्याजवळच्या वस्तू काढून घ्यावयाच्या, शरीराच्या जखमा बऱ्या करावयाच्या, स्मृती पुसून टाकावयाची, आणि पुढे पाठवावयाचे. प्रहस्त हे काम वर्षानुवर्षे एकट्याने, नियमाप्रमाणे, न कुरकुरता करीत आला आहे. भूमीवरील वरिष्ठ, नीतिज्ञ, त्याच्याशी पडद्यावरून बोलतो. एक दिवस त्याच्या हाताखाली युविष्का नावाची तरुण सहायिका रुजू होते, आणि या म्हाताऱ्या झालेल्या एकांताला तडा जातो. विक्रांत मॅसी आणि श्वेता त्रिपाठी यांनी या भूमिका केल्या आहेत. नीतिज्ञ झाले आहेत नंदू माधव, ज्यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त दादासाहेब फाळके उभे केले होते. भारतीय बोलपटाच्या आधीच्या मूकपटाला जन्म देणारा माणूस ज्याने रंगविला, तोच नट शतकानंतरच्या यानाला खालून हुकूम देतो, हा योगही बोलका आहे.

आमच्या वाचकांनी हा चित्रपट अवश्य पाहावा असे आम्हाला वाटते, कारण त्यात त्यांना आपलेच एखादे ठाणे ओळखू येईल. दूरची नेमणूक, तुटपुंजी साधने, वरिष्ठांचा गोड आवाज, नव्या उमेदवाराचा उत्साह, आणि जुन्या अधिकाऱ्याची ती न बोलता कामात बुडून जाण्याची सवय. भयपटाची सर्व सामग्री येथे आहे: अंधार, एकटे यान, मेलेली माणसे. तरी भय नाही. आपल्या परंपरेने यमलोकाला फार पूर्वीच कचेरी करून टाकले आहे. तेथे चित्रगुप्त वही घेऊन बसलेला असतो. विक्रमाच्या खांद्यावरचे वेताळ बसलेले प्रेतदेखील त्याला कोडी घालते. उत्तरे देऊन मोकळे व्हावे. आपल्याकडे मृत्यू म्हणजे पुष्कळ अंशी एक चौकशी आहे.

म्हणून या दोन चित्रपटांची तुलना केली की एक खरा प्रश्न उभा राहतो. माणसाच्या मनात जो जुना, न मिटलेला हिशेब असतो, त्याचे करावयाचे काय? 'इव्हेंट होरायझन' म्हणतो, तो कधीच मिटत नाही. तुम्ही जितके दूर जाल तितका तो मोठा होऊन समोर येईल. 'कार्गो'तले खाते म्हणते, तो पुसून टाका. जखम बरी करा, स्मृती काढून घ्या, पुढच्याला बोलवा. पहिले उत्तर क्रूर आहे. दुसरे दयाळू आहे, पण चित्रपट जसजसा पुढे जातो तसतशी त्या दयेतली पोकळी प्रहस्तालाच जाणवू लागते. जो दुसऱ्यांच्या आठवणी रोज पुसतो, त्याच्या स्वतःच्या आठवणींना जागा कोणती? मंदाकिनी नावाची एक स्त्री त्याच्या आयुष्यात होती, आणि तिचा विसर त्याला पडलेला नाही. खात्याचे नियम पाळून माणूस इतरांचा निकाल लावू शकतो. स्वतःचा लावू शकत नाही.

इन्नंबूरच्या कथेत तिसरे उत्तर आहे. तेथे हिशेब माणसाच्या अंगावर धावत येत नाही, आणि पुसलाही जात नाही. तो वाचला जातो. कोणीतरी येऊन ती सर्व वही, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, समजून घेऊन राजापुढे मांडतो. भेदरलेल्या सेवकाला जे हवे होते ते एवढेच: आपले लिहिलेले कोणाला तरी वाचता यावे.

येथे आम्हाला आपल्याच लोकांची आठवण होते. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले, आणि त्यांच्याबरोबर व त्यांच्यामागून मराठी कारकून, फडणीस, शास्त्री आणि शिपाई या मुलुखात आले. १८५५ साली राज्य खालसा होईपर्यंत त्यांची घराणी येथे रुजली. परदेशी नेमणुकीवर असलेले आपले हे आद्य बंधू; त्यांच्या बदलीचा परतीचा हुकूम कधी निघालाच नाही. त्यांनी कावेरीकाठी बसून मोडीत हिशेब लिहिले: देवळांच्या नेमणुका, धर्मछत्रांचा खर्च, राजवाड्याची खरेदी. १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी तर भोसले वंशाचे चरित्रच बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरविले. म्हणजे राजराज चोळाच्या त्या उत्तुंग विमानाला मराठी अक्षरे चिकटलेली आहेत. मोडी दफ्तरांचे गठ्ठे आजही तंजावरात जपून ठेवलेले आहेत. पण मोडी सहज वाचणारी माणसे आता किती उरली आहेत?

एखादे घर झपाटलेले आहे असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मनात बहुधा हेच असते: तेथे कोणी काही सांगू पाहत आहे आणि ते ऐकून घेणारा कोणी नाही. नेपच्यूनच्या यानातील आवाजही तसाच होता. त्याचा अर्थ प्रथम चुकीचा लावला गेला, आणि म्हणूनच तो भयंकर ठरला. ज्या कारकुनाने दोनशे वर्षांपूर्वी, सातारा-पुण्याकडची वाट डोळ्यांपुढे ठेवून, एका छत्रातल्या तांदळाचा हिशेब लिहिला, त्याचे भय आम्हाला वाटत नाही. पण तो वाचला जात नाही याची खंत मात्र वाटते. आपल्यापैकी ज्यांची नेमणूक तमिळ प्रदेशात आहे, त्यांनी सुटीच्या दिवसांत थोडी मोडी शिकावी, तंजावरला जाऊन एखादे दफ्तर उघडून पाहावे. आणि स्वतःच्या घरी, जो जुना हिशेब कोणाजवळ उघडला नाही, तोही एखाद्या पत्रात लिहून ज्याला पाठवावयाचा त्याला पाठवावा.

इन्नंबूरहून निघताना पुजाऱ्याने आम्हाला विचारले की, बरोबर शाळेत जाणारे मूल आहे काय. नाही म्हटल्यावर त्याने आमच्याच हातावर विभूती ठेवली. गजपृष्ठ विमानावर उन्हे कलली होती. अक्षरे शिकण्याचे वय आमचेही अजून संपलेले नाही, असे त्या वेळी वाटले.